सोमवारचं पान

आमच्या रेकॉर्ड विभागात भरती रुग्णांचं रजिस्टर अजून हातानंच भरलं जातं. संगणकावर नंतर चढतं, पण पहिली नोंद कागदावर. गेली एकोणीस वर्षं मी हेच काम करते. वॉर्डांतून आलेले केसपेपर लावायचे, भरतीची तारीख-वेळ-वार तपासायचा, डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आंतरराष्ट्रीय यादीतला कोड द्यायचा. मेंदूत गुठळी अडकून झालेला पक्षाघात असेल तर आय ६३. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर आय ६१. डॉक्टरांनी नुसतं ‘स्ट्रोक’ लिहून पुढे काहीच लिहिलं नसेल तर आय ६४. झोपेतसुद्धा सांगेन.

आमच्या रजिस्टरच्या एका पानावर पंचवीस ओळी असतात. इतर वारी एका पानात दिवस मावतो, सोमवारी पान उलटावं लागतं. नवीन होते तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. रविवारी ओपीडी बंद, त्यामुळे जुना ताप, पोटदुखी, टाके काढणं, सगळं सोमवारवर ढकललेलं असतं. पण पक्षाघाताच्या ओळीही सोमवारी जास्त दिसायला लागल्या, तेव्हा मी थबकले. टाके दोन दिवस थांबू शकतात. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली की तिथल्या पेशी काही कुणाची वाट बघत थांबत नाहीत.

वॉर्डातल्या सिस्टरांना विचारलं तर एकच उत्तर यायचं, ‘सोमवारचं टेन्शन.’ आठवडा सुरू होतो, कामाची धास्ती, रक्तदाब चढतो आणि झटका येतो. ऐकायला पटतं. आणि त्याला अगदीच आधार नाही असंही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा अभ्यास चालू आहे. तिथल्या पक्षाघाताच्या नोंदी वारांप्रमाणे लावून १९९५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात सोमवार इतर वारांपेक्षा वर होता, आणि विशेषतः नोकरी करणाऱ्या पुरुषांमध्ये.

हे वाचलं तेव्हा ‘नोकरी करणाऱ्या पुरुषांमध्ये’ या शब्दांशी मी बराच वेळ अडले होते. कारण शरीराला वार कुठे ठाऊक असतो? सकाळ ठाऊक असते. पहाटे उठायच्या सुमाराला रक्तदाब वर जातो, रक्त गोठण्याकडे जास्त झुकतं, आणि पक्षाघात सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात सर्वांत जास्त होतात. १९९८ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांतले ११,८१६ पक्षाघात एकत्र करून पाहिले, तेव्हा या सहा तासांत अपेक्षेपेक्षा ४९ टक्के जास्त निघाले. दिवस सूर्याकडून येतो, वर्षही सूर्याकडून येतं, महिना चंद्राकडून. सात दिवसांचा आठवडा मात्र आकाशात कुठेच नाही. तो माणसानं आखला. मग रक्तवाहिनीला सोमवार कळत असेल तर तो माणसाच्या वेळापत्रकातूनच कळणार. कामावर कधी जायचं, कधी झोपायचं, शनिवारी किती जागायचं, गोळी कुठल्या दिवशी विसरायची. आणि दवाखाना कधी उघडा असतो.

हे शेवटचं मला फार उशिरा कळलं. ते कळण्यासाठी घरातला माणूस जावा लागला नाही, पण त्याचा उजवा हात गेला.

शनिवार होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला चुलतभावाचा फोन आला. ‘ताई, बाबांना शर्टाचं बटण लावता येईना. म्हणजे बोटं बटणापर्यंत जात होती, पण धरता येत नव्हतं. बोलतानाही जीभ जड वाटली. पंधरा-वीस मिनिटं चाललं. आता चांगले आहेत, टीव्ही बघतायत.’

मी विचारलं, ‘हात वर करता येतोय का?’

‘येतोय. दोन्ही.’

‘तोंड वाकडं नाही ना?’

‘नाही. आता काहीच नाही. तेच म्हणतायत, उगाच फोन केलास.’

मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘मग सोमवारी सकाळी घेऊन ये. मी आधीच केसपेपर काढून ठेवते, म्हणजे रांगेत उभं राहायला नको.’

मला खरंच वाटत होतं की मी मदत करते आहे. रविवारी कॅज्युअल्टीत एकटे ड्यूटी डॉक्टर असतात, मोठे डॉक्टर बोलवावे लागतात, म्हाताऱ्या माणसाला बाकावर ताटकळत बसवायचं कशाला? सोमवारी सगळे असतात. आतल्या माणसाची ओळख ती हीच, की कुठल्या वेळी गेलं तर काम नीट होतं ते त्याला माहीत असतं. ती माहिती मी दिली.

सोमवारी पहाटे साडेपाचला काकू उठल्या. काका पलंगाच्या कडेला आडवे, डावा पाय जमिनीवर, उजवा तसाच गादीवर. उठायला गेले असणार. डोळे उघडे होते. काकूंकडे बघत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी काढून ठेवलेला केसपेपर ओपीडीच्या ट्रेमध्ये पडून राहिला. काका स्ट्रेचरवरून कॅज्युअल्टीच्या दारानं आत आले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, ‘याआधी शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?’ काकू म्हणाल्या, रात्री दहाला झोपले तेव्हा. झालं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नेहमीच्या नियमानं लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १९९५ च्या चाचणीनंतर ही मुदत तीन तासांची होती, २००८ च्या चाचणीनंतर साडेचारांची झाली. झोपेत झटका आलेल्या माणसाला तो नेमका कधी आला हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून घड्याळ तो झोपला तिथपासून धरतात. दहा ते सात. नऊ तास. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी असेल तर मांडीतून नळी घालून ती ओढून काढता येते, आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही. पण काकांची बंद झालेली वाहिनी बारीक होती, नळी तिथवर जाणारी नव्हती, आणि स्कॅनवर डाग पक्का दिसत होता.

दुपारी तो केसपेपर माझ्याच टेबलावर आला. मी नोंद केली. वार सोमवार, वेळ ६:५०, कोड आय ६३. ओळ भरून झाली आणि मला दिसलं की आपण आत्ता सोमवारच्या पानात एक पक्षाघात वाढवला. कुणी उद्या वारांचा तक्ता काढला तर काका सोमवारच्या खांबात बसणार. ‘सोमवारचं टेन्शन’ म्हणून. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेला माणूस.

शनिवारी संध्याकाळी झालं त्याला डॉक्टरी भाषेत टीआयए म्हणतात. गुठळी येते, वाट अडवते, आपोआप सुटते. माणूस पूर्ववत होतो, आणि तेच फसवं असतं. कॅलिफोर्नियातल्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टीआयए होऊन गेलेल्या १,७०७ लोकांवर नव्वद दिवस लक्ष ठेवलं होतं. दहा टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना त्या मुदतीत पूर्ण पक्षाघात झाला, आणि त्यांतल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच. दोन दिवस. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे दोन दिवससुद्धा पुरते होत नाहीत. नेमकी तीच पोकळी, जी मी ‘सोमवारी घेऊन ये’ म्हणून भरून टाकली होती.

आणि त्या पोकळीत काही करता आलं असतं का? आलं असतं. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली दाखवून दिलेलं आहे की टीआयए किंवा सौम्य पक्षाघात झालेल्या माणसाला अपॉइंटमेंटची वाट बघायला न लावता लगेच तपासून औषधं सुरू केली, तर नव्वद दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर येतं. ही औषधं म्हणजे काही चमत्कार नव्हे. रक्त पातळ ठेवणारी गोळी, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची. त्या गोळ्या आमच्या कॅज्युअल्टीच्या कपाटात त्या शनिवारीही होत्या.

त्याच ऑक्सफर्डच्या लोकांनी पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट मांडली. दवाखाना बंद असतानाच्या वेळात टीआयए किंवा सौम्य झटका आला, तर बरेच लोक आपला नेहमीचा डॉक्टर पुन्हा बसेपर्यंत थांबून राहतात. शुक्रवारी संध्याकाळी झालेलं सोमवारी दाखवतात. वाचून मला रडू आलं, हे सांगायला संकोच नाही. म्हणजे माझा चुलतभाऊ, काका आणि मी, आम्ही जगावेगळं काही केलंच नव्हतं. असंख्य घरांत हेच बोलणं होत असतं आणि त्याची बेरीज आमच्या पानांवर सोमवार म्हणून उमटते.

तेव्हापासून मी शनिवार-रविवारची पानंही वाचायला लागले. मोठं पान तर कुणालाही दिसतं. लहान पान का लहान आहे, हे विचारावं लागतं. आठवड्यातले दोन दिवस म्हणजे सातातले दोन, २८.६ टक्के. पक्षाघात सगळ्या वारी सारखाच होत असेल तर शनिवार-रविवारी तेवढे यायला हवेत. कॅनडातल्या २६,६७६ रुग्णांचा हिशोब २००७ मध्ये छापून आला, त्यात ते २४.८ टक्केच होते. उरलेल्यांना झटका आलाच नाही असं नव्हे. निदान सगळ्यांना तरी नाही. काही सोमवारी आले असणार, काही कधीच आले नसणार. ‘थोडं बोबडं बोलतो हल्ली’ एवढ्यावर घरीच राहिले असणार.

आमच्या पानांवरची आणखी एक खूण सांगते. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली की मंगळवारचं पान सोमवारसारखं भरतं. टेन्शनचा वार असा सरकत नाही. सरकतो तो ओपीडीचा वार. शिवाय लहान दवाखान्यांतून पाठवलेले रुग्ण असतात. तिथं रविवारी सीटी स्कॅनचा माणूस नसतो, म्हणून सलाईन लावून ठेवतात आणि सोमवारी आमच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवतात. आमच्या रजिस्टरमध्ये त्यांचाही वार सोमवारच.

याच कॅनडाच्या हिशोबात शनिवार-रविवारी भरती झालेल्यांपैकी सात दिवसांत दगावलेले ८.५ टक्के होते, इतर वारी ७.४ टक्के. असे आकडे आले की लगेच बोललं जातं, सुट्टीच्या दिवशी डॉक्टर नसतात म्हणून माणसं जातात. असेलही कुठे कुठे. पण मी रजिस्टरवाली बाई आहे, मला आधी हे दिसतं की रविवारी येतं कोण. हात थोडा जड झालेला रविवारी येत नाही, तो सोमवारी येतो. रविवारी येतो तो बेशुद्ध पडलेला, उलट्या करणारा, फीट आलेला, ज्याला घरी ठेवणं शक्यच नाही असा. मग रविवारच्या पानावर गंभीर रुग्णच जास्त उरतात आणि त्या पानावरचे मृत्यूही जास्त दिसतात.

त्याहून मला लागलेली गोष्ट कोडची आहे. ऑक्सफर्डमध्येच २०१६ साली पक्षाघाताचा कोड पडलेले केसपेपर एकेक करून तपासले. त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा पक्षाघात झालेलाच नव्हता. जुना झालेला होता, आणि ते दुसऱ्याच कामासाठी, ठरवून भरती झाले होते. अशा ठरवून केलेल्या भरत्या सुट्टीच्या दिवशी होत नाहीत, त्या सोमवार ते शुक्रवारच्या खात्यात पडतात, आणि अशी माणसं सहसा दगावत नाहीत. त्यामुळे कामाचे वार उगाच चांगले दिसतात आणि शनिवार-रविवार वाईट. असे केसपेपर बाजूला काढून खरोखरचे ताजे पक्षाघातच मोजले, तर वारांमधला तो फरक उरला नाही.

ते वाचून मी त्या रात्री झोपले नाही. जुन्या पक्षाघाताच्या मागे राहिलेल्या दुबळेपणाला वेगळा कोड आहे, आय ६९. पण डॉक्टरांनी वर ‘सीव्हीए’, म्हणजे पक्षाघाताचं इंग्रजी लघुरूप, एवढंच खरडलेलं असेल आणि टेबलावर साठ केसपेपर पडलेले असतील, तर हात आपोआप आय ६४ लिहून जातो. किती वेळा लिहिला असेल मी? दुसऱ्या दिवसापासून एक नियम केला. ‘सीव्हीए’ दिसला की आत उघडून पहिल्या दिवसाची नोंद वाचल्याशिवाय कोड टाकायचा नाही. वेळ लागतो. साहेब रागावले होते सुरुवातीला.

याचा अर्थ वारानं काहीच फरक पडत नाही असा नाही, आणि रुग्णालयांनी सुटकेचा श्वास सोडावा असं तर मुळीच नाही. इंग्लंड-वेल्समधल्या १९९ रुग्णालयांत एका वर्षात आलेल्या ७४,३०७ रुग्णांची नोंद २०१६ मध्ये तपासली गेली. शनिवार-रविवार आणि इतर वार यांत तीस दिवसांनंतर जगलेल्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पण कामाच्या वारी रात्री भरती झालेल्यांचं जगण्याचं प्रमाण थोडं कमी निघालं. म्हणजे प्रश्न नुसता रविवारचा नाही, कुठलं काम कुठल्या वेळी ढिलं पडतं याचा आहे. आमच्याकडे शुक्रवारी रात्री आलेल्या माणसाला गिळता येतं का हे तपासणारी थेरपिस्ट सोमवारीच भेटायची. तोवर नळी नाकात. शुक्रवारचा रुग्ण शुक्रवारच्याच पानावर असतो, त्याचा सोमवार वेगळ्या ठिकाणी लपलेला असतो.

मोठ्या वाहिनीतली गुठळी असेल आणि उपचार झाला नाही, तर सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक हिशोब २००६ मध्ये केला गेला. मी तो आकडा रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवला आहे. ज्याच्या आयुष्यात मिनिटांना एवढी किंमत आहे, त्याच्या नोंदीत आम्ही वार लिहितो, आणि तोही दारातून आत येण्याचा.

म्हणून मी शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात पेन्सिलनं एक नोंद करायला लागले. शेवटचं नीट कधी पाहिलं. वार आणि वेळ. केसपेपरात असते कधी कधी, नसली तर वॉर्डात जाऊन नातेवाइकांना विचारते. हे माझं काम नाही, असं दोघातिघांनी सुनावलं. नातेवाईक मात्र सांगतात. इतकं बारीक सांगतात की मला लिहून घ्यायला रकाना पुरत नाही. ‘रात्री दाराची कडी यांनीच लावली, म्हणजे तेव्हा हात चालत होता.’ ‘सकाळी पेपर वाचला, पण मोठ्यानं वाचतात नेहमी, आज वाचला नाही.’ ‘शनिवारी चप्पल पायातून निसटत होती, मी म्हटलं नवीन घ्या.’ घरच्यांना माहीत असतं. त्यांना ते माहीत आहे हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

पेन्सिलच्या रकान्यात सोमवार इतका मोठा दिसत नाही. हे मी कुठल्या अभ्यासाच्या थाटात सांगत नाही, एका रुग्णालयाचं एक रजिस्टर आहे हे. पण सोमवारच्या ओळींवर बोट ठेवून शेरा वाचत गेलं की शनिवार, रविवार, शनिवार, शुक्रवार रात्र असं येत राहतं.

काका आता घरात काठीनं चालतात. बोलणं बरंच परत आलं. बटणाचे शर्ट कपाटात तसेच आहेत, काकूंनी कुणाला दिले नाहीत. मी शनिवारच्या फोनबद्दल त्यांच्याशी एकदाच बोलले. ते म्हणाले, ‘तू नसतं सांगितलंस तरी मी आलो नसतो.’ मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते मी ठरवू शकत नाही. मी ते धरून बसत नाही. आता असा फोन आला, की ‘आता बरे आहेत’ हे वाक्य संपायच्या आत मी ‘निघा’ म्हणते. चारदा म्हटलं आहे. एकदा काहीच निघालं नाही, ते लोक माझ्यावर थोडे नाराज आहेत.

गेल्या सोमवारी सकाळी कॅज्युअल्टीच्या सिस्टरांचा खालून फोन आला. ‘मॅडम, तुमच्या त्या पेन्सिलच्या रकान्याचं एक आहे. आजोबा एकटेच राहतात. शेजाऱ्यांनी दार तोडून आणलं. शेवटचं नीट पाहणारं कुणीच नाही. काय लिहू?’

मी म्हटलं, ‘मोबाइल आहे का त्यांचा?’

होता. शेजाऱ्यांनी पिशवीत टाकून आणला होता. कुलूप नव्हतं. मुलीनं रविवारी सहा वेळा फोन केला होता, एकही उचललेला नव्हता. त्याआधीचा फोन त्यांनी स्वतः लावलेला, तिलाच. सिस्टरांनी मुलीला फोन करून विचारलं, तेव्हा बोलणं कसं होतं? चांगलं होतं म्हणाली, नेहमीसारखे हसत होते.

रजिस्टरमध्ये भरतीच्या रकान्यात शाईनं लिहिलं, सोमवार, ९:२५. आणि त्याच ओळीच्या टोकाला पेन्सिलनं, शनिवार, रात्री ९:१२.